मुंगूस, ऊस आणि आत्याचं खुराडं

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत 'वाक्यात उपयोग करा'पुरती वापरून संपवून टाकली. कोंबडं झाकतात कशाने आणि मुळात का, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही. झाकतात डालग्याने. बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी टोपली, पालथी घालायची, वर एखादा दगड ठेवायचा. आणि झाकतात ते कोंबड्याने आरवू नये म्हणून नाही, तर रात्रीत कुणी त्याला उचलून नेऊ नये म्हणून. सत्य लपत नाही वगैरे सांगण्याच्या आधी ही म्हण एका घराची रात्रीची सुरक्षाव्यवस्था सांगते. कुणापासून सुरक्षा, ते सांगत नाही. कारण ज्या काळात ही म्हण तयार झाली, त्या काळात ते सांगायची गरज कुणालाच नव्हती.

माझं पोट सर्व्हरवर चालतं. कुठली यंत्रणा कुठून फुटेल याचा विचार करायचे मला पगार मिळतात. त्यामुळे कोंबडी राखण्याचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मी तो त्याच डोळ्यांनी वाचला. आणि मला असं दिसलं, की हा इतिहास जाळीचा आणि कुलपाचा कमी आहे, आणि कुणाचं नुकसान मोजलं जातं नि कुणाचं नाही याचा जास्त आहे.

सुरुवात झाडावरून करू. आपल्या कोंबडीचा पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. (सह्याद्रीत आपल्याला दिसतो तो राखाडी, त्याचा चुलतभाऊ.) हा पक्षी दिवसा जमिनीवर चरतो आणि अंधार पडायच्या आत झाडावर चढून बसतो, कारण रात्री त्याला जवळजवळ दिसत नाही. २०२२ साली जगभरातल्या प्राचीन स्थळांवरची कोंबडीची हाडं पुन्हा तपासणारं एक मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात पाळीव कोंबडीचा सर्वात जुना खात्रीचा पुरावा थायलंडमधल्या बान नॉन वाट या गावात सापडला, इसवी सनापूर्वी साधारण १६५० ते १२५०मधला. त्या संशोधकांच्या मते माणसाने कोंबडीला पकडून आणलं असं झालं नाही. माणसाने भात आणि भरडधान्य पेरायला, साठवायला सुरुवात केली आणि सांडलेल्या दाण्यांच्या मागे रानकोंबड्या आपण होऊन वस्तीत आल्या.

दाण्यासाठी झाड सोडलं, आणि झाडाबरोबर झाडाची सुरक्षाही सोडली. तिची भरपाई करायचं काम माणसाकडे आलं, आणि त्याने खुराडं बांधलं.

पण खुराड्यात एक गोम आहे. रानात दहा कोंबड्या दहा फांद्यांवर बसतात. रानमांजर वर चढलंच तर एखादी जाते, बाकीच्या फडफडत उडतात. खुराड्यात दहाच्या दहा एका दाराआड असतात. दार टिकलं तर सगळ्या वाचतात. दार गेलं, तर अंधारात, बंद जागेत, पळायला वाव नसलेल्या दहा आंधळ्या कोंबड्या. आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. कोल्हा किंवा मांजर अशा ठिकाणी शिरलं की एकच खात नाही, सगळ्या मारून टाकतं. गावात लोक म्हणतात, मस्ती आली त्याला. हान्स क्रूक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली याच प्रकारावर लेख लिहिला. त्याने इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाहिलं, की अगदी काळोख्या रात्री जमिनीवर बसलेले कुरव पक्षी उडत नाहीत, आणि कोल्हे एका रात्रीत खाऊ शकतील त्याच्या कितीतरी पट पक्षी मारून तिथेच टाकून जातात. एरवी एक शिकार झाली की बाकीचे पळतात आणि गोष्ट संपते. इथे समोरचं भक्ष्य पळतच नाही, म्हणून मारणं थांबत नाही. मस्तीबिस्ती काही नाही. खुराडं म्हणजे ती काळोखी रात्र, आपण आपल्या हाताने बांधलेली.

हे लोकांना फार पूर्वी कळलेलं होतं. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला शेतीवरच्या आपल्या ग्रंथात कोंबड्यांच्या घराबद्दल बारकाईने लिहितो. भिंती आतून आणि बाहेरून गिलावा करून गुळगुळीत करा, म्हणजे मांजर किंवा साप वर चढू शकणार नाही, असा त्याचा सल्ला आहे. मला हा माणूस आवडला. तो मजबूत भिंत बांधा असं मोघम सांगत नाही. शत्रू कोण, तो कसा चढतो, आणि त्याचं नख कुठे अडकतं, इथून तो विचार सुरू करतो.

माझी आत्या रत्नागिरी जिल्ह्यात राहते. तिने कोलुमेला वाचलेला नाही, पण तिचं खुराडं त्याच विचाराने बांधलेलं आहे. मागच्या पडवीला लागून जांभ्याचे चिरे, आतून सिमेंटचा हात फिरवलेला, वर लाद्या, आणि तोंडाला सागाची जाड फळी जी वरून खाली खोबणीत सरकते. बिजागरी नाही, कडी नाही. कुठल्याही जनावराला फळी वर उचलायला जमत नाही, असं तिचं म्हणणं. रोज तिन्हीसांजेला कोंबड्या आपण होऊन आत जातात. ती वाकून आत हात घालते, पाठी चाचपून मोजते, आणि फळी सोडते. गेल्या पंचवीस वर्षांत रात्री तिची एकही कोंबडी गेलेली नाही.

जातात त्या दिवसा.

दोन वर्षांपूर्वी तिने वीस पिल्लं विकत आणली, सुधारित जातीची, रंगीत. चार दिवसांत अकरा गेली. तिने मला फोन केला. एवढा इंजिनिअर झालास, काहीतरी कर, या सुरात. मी विचारलं, रात्री काही आवाज आला का, कुत्रं भुंकलं का.

"अरे, मुंगूस रात्री कशाला येईल? ते भर दुपारी येतं. माणसं जेवून आडवी झाली की."

"तुला दिसलं?"

"दिसतं की. माझ्याकडे बघतं पण. लाज आहे का त्याला?"

मी शहरात वाढलेला. माझ्या डोक्यातलं मुंगूस म्हणजे एकदम सज्जन प्राणी. दिसलं की शुभ. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की बाकीच्या पोरांबरोबर आम्हीही त्याला शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. पंचतंत्रातलं मुंगूस तर पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं आणि गैरसमजातून आपलाच जीव गमावतं. किपलिंगने १८९४ साली त्याला इंग्रजीत नायक करून टाकलं. या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट समान आहे, जी मला आत्याच्या फोननंतर लक्षात आली. त्या सापाला घाबरणाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत. कोंबड्या पाळणाऱ्या बाईने सांगितलेली मुंगसाची गोष्ट आपल्याकडे पुस्तकात नाही. असती तर ती पार वेगळी असती. आणि कदाचित, हे जरा ताणून बोलतोय, पण कदाचित जगाच्या नकाशावरच्या अर्धा डझन बेटांचं नशीबही वेगळं असतं.

कारण मुंगसाची ही कीर्ती एक दिवस बोटीत बसून निघाली.

साल १८७२. जमैका बेट, इंग्रजांची वसाहत, ऊस हेच तिचं सर्वस्व. उसाला उंदीर लागले होते, आणि ऊस खाणारे उंदीर म्हणजे मळेवाल्यांच्या खिशाला लागलेली गळती. विष, सापळे, मांजरं, सगळं करून झालेलं. तेव्हा विल्यम बॅन्क्रॉफ्ट एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने थेट कलकत्त्याहून मुंगसं मागवली. १३ फेब्रुवारी १८७२ रोजी नऊ मुंगसं जमैकाला उतरली, चार नर, पाच माद्या. हे आपल्याकडचं मोठं करडं मुंगूस नव्हे. उत्तर भारतात आढळणारं, त्याहून लहान चणीचं. एस्प्युटने ती आपल्या मळ्यात सोडली.

पहिल्या काही वर्षांचे आकडे भलतेच छान होते. उंदरांनी नासवलेला ऊस झपाट्याने कमी झाला. १८८२ साली एस्प्युटने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात या यशाबद्दल सविस्तर लिहिलं. आमच्याकडे एखादं फीचर पहिल्या तिमाहीत चाललं की लगेच सगळीकडे रोलआउट करतात, तसंच झालं. क्यूबा, पोर्तो रिको, ग्रेनाडा, बार्बाडोस अशा बेटांवर हीच मुंगसं गेली. १८८३मध्ये हवाई बेटांवरच्या हिलोच्या ऊसवाल्यांनी जमैकाहून बहात्तर मुंगसं नेली. नऊ मुंगसांचं गोत अर्ध्या जगात पसरलं.

आता उंदरांचं बघा. मुंगूस दिवसाचा प्राणी, उंदीर मुख्यतः रात्रीचे. दोघांच्या पाळ्याच वेगळ्या. जमिनीवर बिळं करून राहणारे उंदीर कमी झाले, आणि झाडावर राहू शकणारे टिकले. सोपी शिकार संपली तेव्हा मुंगसं दुसरीकडे वळली. १८९०मध्ये जमैकाच्या सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, मुंगूस आणल्याने फायदा झाला की तोटा हे ठरवायला. त्या आयोगापुढे आलेल्या साक्षींतून मुंगसाच्या आहाराची यादी तयार झाली. डुकरांची पिल्लं, करडं, कोकरं, मांजराची नि कुत्र्याची पिल्लं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, साप, सरडे, बेडूक, कासवांची अंडी, खेकडे. शिवाय केळी, अननस, कोवळा मका, रताळी. आणि कोंबड्या. पक्षी आणि सरडे कमी झाल्याने गोचिडी वाढल्या, त्याचा त्रास गुरांना आणि माणसांनाही झाला.

त्या यादीतल्या 'कोंबड्या' या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो.

जमैकात कोंबड्या कुणाच्या होत्या? मळेवाल्यांच्या वाड्यांतही असतील. पण बेटावरच्या कोंबड्या मोठ्या प्रमाणावर होत्या त्या ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्यांच्याकडे. गुलामगिरीच्या काळातही तिथल्या कृष्णवर्णीय गुलामांना स्वतःपुरते मळ्याच्या कडेचे तुकडे कसायची आणि कोंबड्या-डुकरं पाळायची मुभा असे, कारण त्यामुळे मालकाचा त्यांना पोसायचा खर्च वाचत असे. पिकवलेलं आणि पाळलेलं रविवारच्या बाजारात विकून ते चार पैसे गाठीला बांधत. १८३८मध्ये पूर्ण मुक्ती मिळाल्यावर हेच अंगण, हेच तुकडे, हाच बाजार त्यांच्या स्वतंत्र जगण्याचा पाया झाला. डोक्यावर पाट्या घेऊन गावोगावचा माल बाजारात नेणाऱ्या बायकांना तिथे 'हिगलर' म्हणतात. १८४५पासून त्याच बेटावर भारतातून गिरमिटिया मजूर जात होते, बिहारचे, पूर्व उत्तर प्रदेशचे. म्हणजे मुंगूस उतरलं तेव्हा, ते कोंबडीचं काय करतं हे लहानपणापासून बघितलेली माणसं त्याच बेटावर ऊस तोडत होती.

माझं मत असं आहे. यात प्रयोग फसला असं म्हणणं अर्धवट आहे. उसापुरतं पाहिलं तर तो काही वर्षं चांगला चालला. उंदराने खाल्लेला ऊस मळेवाल्याच्या वहीत नोंदला जात होता, म्हणून तो 'नुकसान' होता. मुंगसाने नेलेली कोंबडी कुठल्याच वहीत नव्हती. ती एखाद्या बाईच्या अंगणातून गेली, तिच्या बाजाराच्या दिवसातून गेली, आणि तिची बेरीज व्हायला अठरा वर्षं आणि एक सरकारी आयोग लागला. मळ्याचा तोटा उचलून अंगणात ठेवला गेला, इतकंच.

हवाईत याची उलट तपासणी आयती करून मिळते. मोठं बेट, माउई, मोलोकाई, ओआहू, या सगळ्यांवर मुंगसं पोचली. काउआई बेटावर मात्र त्यांची वस्ती झाली नाही. दंतकथा अशी, की काउआईच्या धक्क्यावर पेटी उतरवताना मुंगूस कामगाराला चावलं आणि त्याने रागाने पेटीच समुद्रात ढकलली. खरं-खोटं देव जाणे, पण त्या कामगाराचा पुतळा उभारायला हरकत नाही. कारण आज काउआईला गेलेला कुठलाही पर्यटक पहिल्यांदा फोटो काढतो तो रस्त्यावर, पार्किंगमध्ये, समुद्रकिनाऱ्यावर मोकाट हिंडणाऱ्या कोंबड्यांचा. १९८२ आणि १९९२च्या मोठ्या चक्रीवादळांत लोकांची खुराडी मोडली आणि पाळीव कोंबड्या रानात गेल्या, असं तिथले लोक सांगतात. त्यांच्या जनुकांत फार पूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आणलेल्या रानकोंबड्यांचाही अंश सापडला आहे. खुराडं नाही, फळी नाही, जाळी नाही, आणि तरी कोंबड्या इतक्या, की आता तिथे तक्रार आहे ती पहाटे आरवण्याची. शेजारच्या बेटांवर हे दृश्य इतक्या प्रमाणात दिसत नाही. कोंबडी वाचवायचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे मुंगूस न आणणं.

जपानने ओकिनावात १९१० साली हाबू या विषारी सापावर उतारा म्हणून मुंगसं सोडली. पुन्हा तेच, हाबू रात्रीचा, मुंगूस दिवसाचं. १९७९च्या सुमारास अमामी ओशिमा बेटावर साधारण तीस सोडली, आणि तिथले दुर्मीळ ससे संपत आले. मग वर्षानुवर्षं सापळे, प्रशिक्षित कुत्रे, पूर्णवेळ पथक. सप्टेंबर २०२४मध्ये जपान सरकारने अमामी मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तीस मुंगसं सोडणं हा काही तासांचा मामला असणार. ती निस्तरायला पंचेचाळीस वर्षं गेली.

आपल्याकडे असं काही करता येणार नाही आणि करूही नये. मुंगूस इथलंच आहे, आपल्या आधीपासून. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि ते हवंच, कारण रंगकामाच्या ब्रशच्या केसांसाठी त्याची सर्रास शिकार होत आली आहे. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी कुठे मारतेय? मी नुसती हाड म्हणते." म्हणजे उरतं ते कोंबडीला वाचवणं.

मी अर्थातच जाळीकडे वळलो. जाळीचाही एक इतिहास आहे. इंग्लंडमधलं नॉरिच हे जुनं लोकरी कापडाचं, मागांचं गाव. तिथल्या चार्ल्स बार्नर्ड या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने १८४४ साली कापड विणायच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणणारं यंत्र बनवलं. शेजारच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून पुढे जातात, त्यातून षटकोन तयार होतात. हलकी, स्वस्त, गुंडाळी करून कुठेही नेता येणारी. या जाळीच्या गुंडाळ्या जगभर गेल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तर सश्यांना अडवायला १९०१ ते १९०७ या काळात तारेच्या जाळीचं हजारो किलोमीटर कुंपण घातलं. ससेही इंग्रजांनीच शिकारीसाठी नेलेले, पण ते असो.

आपल्या हार्डवेअरच्या दुकानात हीच जाळी 'मुर्गा जाळी' किंवा 'चिकन मेश' म्हणून मिळते. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर ती तुमच्या घरातही आहे. सिमेंटचा कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटते तिथे प्लास्टरला चीर जाऊ नये म्हणून तिची पट्टी आत मारलेली असते. कोलुमेलाच्या गिलाव्यापासून सुरू झालेली गोष्ट अशी पुण्यातल्या वन-बीएचकेच्या भिंतीत येऊन पोचते.

नावात कोंबडी असली तरी ही जाळी कोंबडीचं रक्षण करायला फारशी कामाची नाही. ती कोंबडी आत ठेवते. बाहेरचं बाहेर ठेवत नाही. तार बारीक, भोक इंचभर. कुत्रं दातांनी फाडतं, मांजर पंजा आत घालतं, साप सरळ आत येतो, आणि लहान मुंगसाला एखादं ताणलेलं भोक पुरतं. शिवाय जाळी जमिनीपाशी संपते आणि मुंगूस उकरतं. खरं संरक्षण हवं तर अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश लागते, आणि तिचा फूटभर पट्टा जमिनीत बाहेरच्या बाजूला आडवा पुरावा लागतो. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं, तिथे त्याला जाळी लागली की मागे सरून पुन्हा उकरावं हे त्याला सुचत नाही. वरूनही झाकावं लागतं, कारण शिक्रा आणि घार वरून येतात.

हे सगळं मी आत्याला फोनवर, चित्र काढून, फोटो पाठवून समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावठी कोंबडीची पिल्लं का नाही गेली, ते सांग आधी."

वीस विकतच्या पिल्लांबरोबर अंगणात एक गावठी कोंबडी तिच्या नऊ पिल्लांसह हिंडत होती. त्याच चार दिवसांत तिची दोन गेली. तिचं अंगण तेच, दुपार तीच, मुंगूस तेच.

फरक होता आईचा. कोंबड्यांच्या इशाऱ्यांवर पीटर मार्लर आणि ख्रिस एव्हान्स यांनी सुरेख प्रयोग केले आहेत. कोंबड्यांना पडद्यावर आकाशातून जाणाऱ्या ससाण्याची आकृती दाखवली की ते एक आवाज काढतात, जमिनीवरून येणारा प्राणी दाखवला की वेगळा. आणि नुसता आवाज ऐकून बाकीचे पक्षी योग्य ते करतात. वरचा इशारा असेल तर आडोशाला दबतात, जमिनीवरचा असेल तर मान ताठ करून चौफेर बघतात. आत्याच्या भाषेत, कोंबडी 'बोलते'. पिल्लं तिचं ऐकतात. वेळ पडली तर पिसं फुलवून ती मुंगसाच्या अंगावरही जाते.

विकतच्या पिल्लांना ही आई नसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी 'वनराजा', 'ग्रामप्रिया' अशा जाती तयार केल्या, आणि त्यात शत्रूचा विचार केलेला आहे, हे कौतुकाचं. पांढरीशुभ्र लेगहॉर्न अंगणात घारीला लांबून दिसते, म्हणून वनराजाला मातकट रंगीबेरंगी पिसं दिली. पळता यावं म्हणून लांब पाय. पण जास्त अंडी हवी असतील तर कोंबडी खुडूक बसून चालत नाही. खुडूक बसली की अंडी बंद. म्हणून या जाती सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्लं यंत्रात उबवायची, पहिले सहा आठवडे बंदिस्त जागी दिव्याखाली वाढवायची आणि मग मोकळी सोडायची, अशी त्यांची रीत आहे. रीत बरोबरच आहे. फक्त त्या सहा आठवड्यांची जागा, वीज, जाळी आणि माणूस यांचा खर्च, जो आधी एक खुडूक कोंबडी फुकट करायची, तो आता पाळणाऱ्याच्या अंगावर येतो. अंड्यांचा आकडा पत्रकावर छापलेला असतो. हा खर्च नसतो.

आणि हे पाळणारे थोडेथोडके नाहीत. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात पंच्याऐंशी कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं होती, आणि त्यातली सुमारे ३१.७ कोटी परसातली. आधीच्या गणनेपेक्षा परसातला हा आकडा जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेला. यातली बरीचशी खुराडी बायका सांभाळतात आणि अंड्यांचे पैसे त्यांच्याच हातात राहतात. माझ्या आत्याच्या घरात आंब्याचे पैसे काकांच्या खात्यात जातात. अंड्यांचे पैसे मिसळणाच्या डब्याशेजारच्या बरणीत.

देशावर तर हे कोडं आणखी अवघड आहे. कोकणात राखणीला कुत्रं असलं की मुंगूस निदान विचार करतं. अकोले, जुन्नर या भागात उसात बिबटे राहतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. कोंबडी राखायला कुत्रा ठेवावा, तर कुत्र्याला कुणी राखायचं? आणि पुन्हा मधे ऊसच.

आत्याचा उपाय शेवटी तिनेच ठरवला. विकतची पिल्लं आणायची ती एखादी कोंबडी खुडूक असताना. रात्रीच्या अंधारात ती हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची, म्हणजे सकाळी ती त्यांना आपली समजते. दुपारी जेवणानंतरचे दोन तास आई आणि पिल्लं डालग्याखाली. मी एकाच गोष्टीवर अडून राहिलो, की पडवीला लागून सहा बाय आठचा एक वेल्डमेशचा पिंजरा करायचा, खाली पुरलेल्या पट्ट्यासकट, पहिल्या सहा आठवड्यांसाठी. ती तयार झाली. पण पैसे मी द्यायचे नाहीत, हे तिने आधीच सांगितलं. कोंबड्या तिच्या आहेत.

जाळी, खांब, वाहतूक धरून बिल झालं दोन हजार चारशे. मी यूपीआयने द्यायला गेलो तर तिने माझा फोन बाजूला सारला आणि बरणी आणली. मग पायरीवर बसून बोटांवर हिशोब केला. गावठी अंडं पंधरा रुपयाला जातं. म्हणजे एकशे साठ अंडी. तिच्या सहा कोंबड्या वर्षाला साठेक अंडी देतात प्रत्येकी, त्यातली काही उबवायला ठेवावी लागतात ती वेगळी.

"पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने कोंबड्या या जाळीसाठी अंडी घालणार."

मग नोटा मोजून दुकानाच्या पोराच्या हातात दिल्या आणि त्याला विचारलं, तारेचे दोन-चार तुकडे उरले असतील तर ठेवून जा, खुराड्याच्या मागे उंदरांनी भोक पाडलंय.